पंगत मोठी, पानं मोजकी

1964 सालच्या डिसेंबरचा शेवटचा आठवडा. नाताळ होऊन गेलेला, नवं वर्ष यायचं होतं. अमेरिकेत या दिवसांत कचेऱ्या नावालाच उघड्या असतात. मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या केंब्रिज गावी मात्र आयबीएमचे दोघे जण, रॉबर्ट क्रीसी आणि लेस कोमो, एका नव्या यंत्रणेचा आराखडा मांडण्यात गढून गेले होते. पुढे तिचं नाव पडलं सीपी-40. कल्पना सांगायला सोपी होती: संगणक एकच घ्यायचा आणि त्यावर काम करणाऱ्या प्रत्येकाला सांगायचं, हा अख्खा तुझाच.

या उत्साहामागे थोडी ठसठसही होती. आयबीएमची ही छोटी शाखा टेक्नॉलॉजी स्क्वेअरच्या 545 क्रमांकाच्या इमारतीत होती आणि त्याच इमारतीत एमआयटीचा गाजलेला 'प्रोजेक्ट मॅक' चालायचा. त्या प्रकल्पाने नुकताच आपला पुढचा मोठा संगणक जनरल इलेक्ट्रिककडून घ्यायचं ठरवलं होतं. आयबीएमच्या नव्याकोऱ्या सिस्टिम/360 मध्ये मेमरीचे पत्ते चालू कामात बदलून देणारी सोयच नव्हती, आणि अनेकांनी एकाच वेळी वापरायच्या संगणकाला तीच तर हवी होती. एकाच जिन्यावरून ये-जा करणाऱ्या शेजाऱ्याने नाकारलं की जरा जास्तच लागतं. आयबीएमने उत्तर म्हणून टीएसएस नावाची अवाढव्य यंत्रणा हाती घेतली. ती रखडली, फुगली आणि शेवटी गुंडाळावी लागली. केंब्रिजच्या मूठभर लोकांचं काम मात्र उभं राहिलं.

1967 च्या जानेवारीत सीपी-40 रोजच्या वापरात आली. मॉडेल 40 जातीच्या संगणकाला खास जोडणी करून ती चालवलेली. एकाच यंत्रावर 14 आभासी यंत्रं, आणि प्रत्येकाला शब्द दिलेला की तुझ्याकडे 256 किलोबाइट मेमरी आहे. चौदांची बेरीज होते साडेतीन मेगाबाइट. खऱ्या यंत्रात मेमरी किती? 256 किलोबाइट. म्हणजे एका पाहुण्याला, एका आभासी यंत्राला, पुरेल एवढीच, आणि तीही यजमानाचा, म्हणजे सगळ्यांना सांभाळणाऱ्या सीपी-40 चा, स्वतःचा वाटा काढायच्या आधीची.

ही उधारी चालायची पानांच्या जोरावर. मेमरीचे सारख्या मापाचे तुकडे पाडायचे. तुकड्याला इंग्रजीत पेज म्हणतात, आपण पान म्हणू. मराठीत पान पुस्तकाचंही असतं आणि पंगतीतलंही, आणि इथे दुसरा अर्थच जास्त जवळचा आहे. पाहुण्याला वाटतं आपली 64 पानं मांडलेली आहेत. प्रत्यक्षात ज्यांच्यावर तो जेवतो आहे तेवढीच समोर असतात, बाकीची आत ठेवलेली. त्याने हात पुढे केला की यजमान धावत जाऊन ते पान आणतो, आणि जागा करण्यासाठी दुसऱ्या कुणाचं तरी उचलतो.

ही युक्ती केंब्रिजची नव्हे, मँचेस्टरची. तिथे टॉम किलबर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांधलेल्या ॲटलस संगणकाचं उद्घाटन 7 डिसेंबर 1962 रोजी झालं. त्याच्या वेगवान मेमरीत सुमारे 16 हजार शब्द मावत आणि फिरत्या ड्रमवर सुमारे 96 हजार. ॲटलसने या दोन्हींचा मिळून एकच साठा असल्याचा भास उभा केला. 512 शब्दांचं एक पान. कोणतं पान ड्रमवर धाडायचं हे ठरवण्यासाठी त्यात एक 'शिकणारा' प्रोग्रॅम होता, पानांच्या वापराची नोंद ठेवून अंदाज बांधणारा. पुढच्या पन्नास वर्षांची भांडणं या एका प्रश्नाभोवतीच फिरली: उचलायचं ते कुणाचं पान?

चुकीचं उचललं तर काय होतं, हे पीटर डेनिंग यांनी 1968 मध्ये नेमकं सांगितलं. ते तेव्हा एमआयटीत संशोधन करत होते. त्यांचं म्हणणं असं की प्रत्येक चालत्या प्रोग्रॅमला कोणत्याही क्षणी एक ठरावीक पानांचा संच जवळ लागतो, 'वर्किंग सेट'. तेवढी पानं द्या, तो सुरळीत चालेल. सगळ्यांच्या संचांची बेरीज खऱ्या मेमरीच्या वर गेली की कामं हळूहळू मंदावत नाहीत, एकदम कोसळतात. जो तो दुसऱ्याचं पान ओढतो, ज्याचं गेलं तो लगेच तेच परत मागतो आणि यंत्र दिवसभर पानं उचलण्या-मांडण्यातच घाम गाळतं. या अवस्थेला नाव आहे 'थ्रॅशिंग'. वाढपी दमले आणि घास कुणाच्याच तोंडात नाही, असा प्रकार.

1972 च्या ऑगस्टमध्ये आयबीएमने व्हीएम/370 बाजारात आणलं आणि केंब्रिजचं वेड अधिकृत माल झालं. त्याबरोबर एक चमत्कारिक दुखणंही आलं. रॉबर्ट गोल्डबर्ग आणि रॉबर्ट हॅसिंजर यांनी 1974 मध्ये त्याचं वर्णन केलं, दुहेरी पेजिंगची विसंगती. आभासी यंत्रात चालणारी पाहुणी यंत्रणा स्वतःही पानं हलवत असते आणि खालचा यजमानही. दोघांनाही एकमेकांचा पत्ता नाही. कल्पना करा, घरमालकाने तुमची बरेच दिवस न उघडलेली पेटी गुपचूप माळ्यावर टाकली. तुम्हालाही तेच सुचलं, कारण पेटी वापरात नाही हे दोघांनाही दिसतंच आहे. तुम्ही म्हणालात, ही पेटी माळ्यावर टाका. आता मालक आधी ती माळ्यावरून खाली उतरवणार, तुमच्यासमोर ठेवणार आणि मग तुमच्या हुकुमाने पुन्हा वर चढवणार. दोन शहाण्यांनी एकच शहाणा निर्णय घेतल्यामुळे झालेली ही हमाली.

आयबीएमने यावर तोडगा काढला. पाहुण्याला कळू द्यायचं की तू पाहुणा आहेस, मग तो स्वतःचं पेजिंग आवरतं घेईल. हे जमलं, कारण यजमानही आयबीएमचा आणि पाहुणाही आयबीएमचाच. घरचंच कार्य होतं.

मधली वीस वर्षं भराभर ओलांडू. संगणक स्वस्त झाले, टेबलावर आले. ज्याला त्याला स्वतःचं खरं यंत्र मिळू लागल्यावर आभासी यंत्रांचं कौतुक कुणाला राहणार? ही विद्या मेनफ्रेमच्या थंडगार खोल्यांमध्ये तेवढी जिवंत राहिली.

तिला बाहेर काढलं स्टॅनफर्डने. 1997 मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या सें-मालो गावी भरलेल्या परिषदेत एदुआर बुन्यों, स्कॉट डिव्हाइन आणि मेंडेल रोझेनब्लम यांनी 'डिस्को' नावाची यंत्रणा मांडली. अनेक प्रोसेसर असलेलं मोठं यंत्र जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमना झेपेना. त्यांना नव्याने लिहिण्यापेक्षा यंत्राचेच आभासी तुकडे करू, हा त्यांचा आग्रह. डिस्कोत एक बारीक चलाखी होती. दोन आभासी यंत्रांनी डिस्कवरून एकच मजकूर वाचला तर मेमरीत त्याची प्रत एकच ठेवायची आणि दोघांना तीच दाखवायची. कुणी त्यात लिहायला गेलाच, तर त्या क्षणी त्याला वेगळी प्रत काढून द्यायची. पुढच्याच वर्षी, 1998 मध्ये, रोझेनब्लम, त्यांच्या पत्नी डायान ग्रीन आणि त्यांच्या सोबत्यांनी व्हीएमवेअर कंपनी काढली. 2001 मध्ये तिचा ईएसएक्स सर्व्हर आला.

त्या काळच्या कंपन्यांच्या सर्व्हरखोल्या डोळ्यांपुढे आणा. मेलला एक यंत्र, हिशेबाला एक, वेबसाइटला एक. एकाच यंत्रावर दोन कामं ठेवली की ती एकमेकांच्या पायात पाय घालत, म्हणून प्रत्येकाला स्वतंत्र चूल. बहुतेक यंत्रं दिवसाचा बराचसा वेळ विजेचं बिल वाढवण्यापलीकडे काही करत नसत. ईएसएक्सचं म्हणणं होतं, ही सगळी एका दणकट यंत्रावर आणा. प्रोसेसर वाटून घेणं सोपं होतं, कारण तो क्षणाक्षणाने वाटता येतो. अडत होतं ते मेमरीपाशी. पान एकाकडे असलं की ते दुसऱ्याकडे नसतं.

शिवाय हे घरचं कार्य नव्हतं. पाहुणे होते मायक्रोसॉफ्टचं विंडोज आणि जगभरातल्या लोकांनी मिळून लिहिलेलं लिनक्स. नुकत्याच निघालेल्या कंपनीच्या सोयीसाठी विंडोज बदला, असं मायक्रोसॉफ्टला सांगणार कोण? पाहुण्याला हात लावायचा नाही, त्याच्या मनात काय आहे ते माहीत नाही, आणि तरी त्याच्याकडून पानं परत मिळवायची, तीही नेमकी त्याला नको असलेली.

याचं उत्तर 2002 च्या डिसेंबरमध्ये बॉस्टनला एका निबंधात जाहीर झालं. क्रीसी-कोमोंच्या केंब्रिजहून बॉस्टन म्हणजे चार्ल्स नदीचा पूल ओलांडला की आलं. निबंधाचे लेखक कार्ल वॉल्डस्पर्गर हेही एमआयटीतच शिकलेले. संगणकाचा वेळ लॉटरीच्या तिकिटांनी वाटावा, अशी कल्पना त्यांनी विल्यम वाइल यांच्यासोबत 1994 मध्येच मांडली होती, त्यामुळे वाटपाचा न्याय हा त्यांचा जुना छंद. ईएसएक्सच्या मेमरीवरचा हा निबंध मी अधूनमधून पुन्हा काढून वाचतो. तांत्रिक लेखनात असा मिस्कीलपणा क्वचितच सापडतो.

त्यातली पहिली युक्ती फुग्याची, 'बलून'. पाहुण्या यंत्रणेत एक छोटा ड्रायव्हर बसवायचा, प्रिंटरचा किंवा नेटवर्क कार्डाचा असतो तसाच. विंडोजला तो आपलाच माणूस वाटतो. यजमानाला मेमरी हवी झाली की तो या ड्रायव्हरला खूण करतो, आणि ड्रायव्हर आपल्या विंडोजकडे मेमरी मागू लागतो. मागतच राहतो. फुगा फुगतो. विंडोज बिचारं गडबडतं, ही मेमरी आणायची कुठून, म्हणून आपल्याकडचं सर्वांत कमी कामाचं काय आहे ते शोधतं, पडून राहिलेली पानं गोळा करतं आणि ड्रायव्हरच्या हवाली करतं. ड्रायव्हर त्या पानांना हातही लावत नाही. फक्त त्यांचे क्रमांक यजमानाला कळवतो आणि यजमान त्यांच्याखालची खरी मेमरी काढून दुसऱ्या यंत्राला देतो. गरज संपली की फुग्यातली हवा काढायची, पानं परत.

कोणतं पान नको आहे हे यजमानाला कधीच कळलं नाही, आणि कळायची गरजही उरली नाही. ज्याला कळतं त्याच्याकडूनच निर्णय करवून घेतला. दुहेरी पेजिंगचा तिढाही सुटला, कारण आता पेटी उचलणारा एकच. मोजमापात भुर्दंड किरकोळ निघाला. फुगवून आकसवलेलं यंत्र आणि मुळातच तेवढीच मेमरी दिलेलं यंत्र यांच्या कामात 1.4 ते 4.4 टक्क्यांचा फरक पडला.

फुगा नेहमी उपयोगी पडत नाही. पाहुणा अजून सुरूच होतो आहे, ड्रायव्हर बसवलेला नाही किंवा मेमरी अगदी या क्षणाला हवी आहे, अशा वेळी यजमान सरळ पानं उचलून डिस्कवर टाकतो. कोणती? डोळे झाकून, वाटेल ती. हे अडाणीपणाने नाही, मुद्दाम ठरवून केलेलं. यजमानाने हुशारी करून सर्वांत जुनी पानं निवडली तर पाहुण्याची हुशारीही तीच पानं निवडणार आणि पुन्हा माळ्यावरची पेटी. मोकळी मेमरी 6 टक्के असेल तोवर सुखाचे दिवस. 4 टक्क्यांवर आली की फुगे, 2 टक्क्यांवर डिस्क, आणि 1 टक्का उरला की हद्दीबाहेर गेलेल्या यंत्रांना थांबवूनच ठेवायचं. या अशा पायऱ्या मूळ ईएसएक्समध्ये आखलेल्या होत्या.

दुसरी युक्ती डिस्कोच्या प्रतींचीच, पण पुढे नेलेली. दोन पानं कुठून आली याची चौकशी न करता त्यांचा मजकूरच तपासायचा. प्रत्येक पानावरून एक आकडा काढायचा, हॅश. आकडे जुळले तर पानं अक्षरशः ताडून बघायची आणि खरंच सारखी निघाली तर एकच ठेवायचं. सगळ्या आभासी यंत्रांवर तेच विंडोज, तेच प्रोग्रॅम, म्हणून जुळी पानं भरपूर. निव्वळ शून्यांनी भरलेली कोरी पानंही असतातच. एकसारखी लिनक्स यंत्रं मुद्दाम मांडलेल्या प्रयोगात दोन-तृतीयांश मेमरी सामायिक निघाली. पण वॉल्डस्पर्गर यांनी खऱ्या कामावरचे आकडेही लपवले नाहीत. एका बड्या कंपनीच्या दहा विंडोज एनटी यंत्रांनी 32.9 टक्के मेमरी परत दिली, एका सेवाभावी संस्थेच्या नऊ लिनक्स यंत्रांनी 18.7 टक्के, आणि व्हीएमवेअरच्या स्वतःच्या आयटी विभागातल्या पाच यंत्रांनी जेमतेम 7.2 टक्के. कंपनीचा माणूस आपल्याच घरचा आकडा सर्वांत कमी असल्याचं छापतो, याचं मला अजून नवल वाटतं.

तिसरी युक्ती कराची. यंत्रांना त्यांच्या मानाप्रमाणे वाटे द्यावेत, तर मोठ्या मानाचा पाहुणा पानं अडवून झोपून राहतो. मानाकडे दुर्लक्ष करावं, तर वाट्याला अर्थ उरत नाही. म्हणून रिकाम्या पडलेल्या पानावर कर. दर ठरवला 75 टक्के, म्हणजे न वापरलेलं पान वापरातल्या पानाच्या चौपट महाग. कोण किती वापरतो, हे कळायला सगळी पानं मोजत बसायचं नाही. दर 30 सेकंदांना 100 पानांचा नमुना घ्यायचा, भाताची परीक्षा शितावरून करतात तशी. एका प्रयोगात आळसावलेल्या विंडोजवर हा कर लावताच शेजारी राबणाऱ्या लिनक्सच्या कामाचा वेग 30 टक्क्यांहून जास्त वाढला.

पुढच्या दहा वर्षांत ही विद्या सगळीकडे पसरली. 2003 मध्ये इंग्लंडच्या केंब्रिजहून झेन नावाची अशीच यंत्रणा आली, तिच्यातही फुगा होता. इस्रायलमधल्या क्वुम्रानेट कंपनीच्या अवी किविटी यांचं केव्हीएम 2007 च्या फेब्रुवारीत लिनक्समध्ये सामील झालं. केव्हीएममध्ये आभासी यंत्र म्हणजे लिनक्सच्या दृष्टीने एक साधी प्रोसेस, ब्राउझरसारखीच. त्यात सुटसुटीतपणा होता तसा धोकाही. मेमरी अगदीच संपली की लिनक्स जगायला एखादी मोठी प्रोसेस मारतं, आणि यजमान यंत्रावरची सर्वांत मोठी प्रोसेस बहुधा कुणाचं तरी अख्खं सर्व्हर असतं. जुळी पानं शोधणारी केएसएम सोय 2009 च्या डिसेंबरमध्ये आली. तिच्या कर्त्यांनी आधी हॅश वापरला होता. व्हीएमवेअरच्या पेटंटची धास्ती वाटल्यामुळे तो टाकून त्यांनी पानं थेट एकमेकांशी ताडणारी झाडासारखी रचना केली. 16 गिगाबाइटच्या यंत्रावर प्रत्येकी 1 गिगाबाइटची 52 विंडोज एक्सपी यंत्रं चालवल्याचं रेड हॅटने तेव्हा अभिमानाने सांगितलं. मायक्रोसॉफ्ट या उधारीपासून सुरुवातीला लांब राहिलं. 2011 च्या फेब्रुवारीत त्यांच्या हायपर-व्हीतही 'डायनॅमिक मेमरी' आलीच.

आणि त्याच 2011 मध्ये व्हीएमवेअरला अवदसा आठवली. जुलैत जाहीर झालेल्या नव्या आवृत्तीत परवान्याची किंमत आभासी मेमरीवर बांधलेली, 'व्हीरॅम'. ज्या कंपनीने असलेल्यापेक्षा जास्त मेमरी वाटायला जगाला शिकवलं, तीच आता वाटलेल्या प्रत्येक गिगाबाइटचे पैसे मागू लागली. ग्राहकांनी त्याला लगेच नाव दिलं, व्ही-टॅक्स. नव्या मर्यादांच्या तक्त्यात सर्वांत वरच्या परवान्याला एका प्रोसेसरमागे 48 गिगाबाइट होते. ओरड झाल्यावर महिन्याच्या आत त्याचे 96 झाले, आणि वर्षभराने, 2012 च्या ऑगस्टमध्ये, व्हीरॅम सगळाच मागे घेतला. पानं अडवून बसलेल्या यंत्रावरचा कर लोकांना न्याय्य वाटला होता. राबणाऱ्या यंत्रावरचा कसा वाटावा?

पानांच्या वाटणीवर खरा घाव मात्र दुसरीकडून आला. वाटून घेतलेलं पान म्हणजे चाळीतली सामायिक भिंत. जागा वाचते खरी, पण पलीकडचं ऐकूही येतं. जपानमधल्या संशोधकांनी 2011 मध्येच दाखवलं होतं की एखाद्या पानात लिहायला नेहमीपेक्षा वेळ जास्त लागला तर ते पान शेजाऱ्याशी सामायिक आहे हे ओळखता येतं, म्हणजेच शेजारी कोणता प्रोग्रॅम चालवतो ते कळतं. 2014 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडच्या युव्हल यारोम आणि कॅटरिना फॉकनर यांनी याहून पुढचं टोक गाठलं. सामायिक पानातली एक ओळ प्रोसेसरच्या कॅशमधून हुसकायची, थोडं थांबायचं आणि पुन्हा वाचायची. पटकन मिळाली तर मधल्या वेळात शेजाऱ्याने ती वापरली आहे. एवढ्याच टकटकीवरून त्यांनी एका सहीत आरएसए किल्लीचे सरासरी 96.7 टक्के बिट वाचून काढले. त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्समधल्याच वूस्टरच्या संशोधकांनी व्हीएमवेअरच्या दोन आभासी यंत्रांमधून एईएसची किल्ली काढली, तीही काही सेकंदांपासून काही मिनिटांत. 2016 मध्ये ॲम्स्टरडॅमच्या गटाने केएसएमच्या मदतीने शेजाऱ्याच्या मेमरीतला बिटच उलटवून दाखवला. आता पलीकडून नुसतं ऐकू येत नव्हतं, भिंतीतून हातही घालता येत होता.

2014 च्या ऑक्टोबरमध्ये व्हीएमवेअरने जाहीर केलं की आभासी यंत्रांमधली पानांची वाटणी यापुढे आपोआप चालणार नाही. असा हल्ला फार विशिष्ट परिस्थितीतच जमतो, असं सांगूनही त्यांनी ती बंद केली. तोवर तिचा उपयोगही आटला होता. नव्या प्रोसेसरांवर वेगासाठी 4 किलोबाइटऐवजी 2 मेगाबाइटची पानं वापरतात, आणि एवढी मोठी दोन पानं तंतोतंत सारखी निघणं दुर्मीळच. मेमरी स्वस्त झाली, यजमान यंत्रात टेराबाइटने मावू लागली, आणि पाहुणे आता एकाच कंपनीचे नसून क्लाउडमधले अनोळखी भाडेकरू होते.

पण कोड काढून टाकला गेला नाही. तो अजूनही पानं चाळतो, आकडे काढतो. फक्त प्रत्येक आभासी यंत्राला आता आपलं वेगळं 'सॉल्ट' मिळतं, आणि पानाचा आकडा काढताना ते त्यात मिसळलं जातं. ज्यांचा एकमेकांवर विश्वास आहे अशा यंत्रांना ॲडमिनने एकच मीठ द्यावं, अशी सोय आहे. एका यंत्राच्या आतली जुळी पानं अजून एकत्र येतात. पण शेजारच्या यंत्रात अक्षर न् अक्षर तेच असलेलं पान समोर आलं, तरी मीठ वेगळं म्हणून आकडा जुळत नाही, आणि यजमान पुढे निघून जातो.